पहिल्या पागाचा मान

"औंदा पाग टाकू नको? मंग काय हातात बांगड्या भरू?"

"भरा की. माझ्याकडं हिरव्या हायत, देऊ का काढून?"

कोंडू पाटलानं चहाची बशी आपटली. सून बोलायला तिखट आहे हे त्याला लग्नापासून ठाऊक होतं, पण सरपंच झाल्यापासून तिला चांगलीच धार चढली होती. आताशा येणारा जाणारा ओसरीवर बसलेल्या म्हाताऱ्याला ओलांडून "रेश्माताय हायत का?" असं विचारत सरळ आत घुसे, आणि हे त्याला मुळीच खपत नसे.

भांडण होतं कोंडाचं. सिद्धगडाच्या पायथ्याला नदी वळते तिथं काळ्या कातळात एक खोल डोह आहे, तोच गावाचा कोंड. उन्हाळ्यात नदीचे दगड उघडे पडतात, पण कोंडातलं पाणी हटत नाही. वरखालचे सगळे मासे जीव मुठीत धरून तिथं येऊन राहतात. वैशाखातल्या अवसेला अख्खा गाव त्यात उतरतो, वर्षातून तेवढाच एक दिवस. पण त्याआधी पाटलानं काठावरून पाग फेकायचा. ते गोल जाळं पाण्यात पसरून बुडालं आणि त्यात पहिला मासा आला, की तो गावदेवीला. मगच बाकीच्यांनी पाण्यात पाय घालायचा. देवीला मासा मिळाल्याशिवाय जो उतरेल त्याचं काही खरं नाही, असं गाव मानत आलंय.

गेल्या साली मात्र कुणीतरी मासे मारायला वरच्या अंगाला नदीत ब्लीचिंग पावडर ओतली. मासे पांढरी पोटं वर करून तरंगत आले, बोटाएवढी पिल्लंसुद्धा. गाव नाकाला पदर लावून फिरत होता. त्यातून वाचले ते थोडेच, आणि तेही आता मारले तर पावसात अंडी घालायला वर चढणीला जायला बियाण्यापुरतासुद्धा मासा उरणार नाही, या विचारानं रेश्माला झोप लागत नव्हती. एक साल कोंड बंद ठेवू, असं तिनं ग्रामसभेत सांगून पाहिलं. उपसरपंच सुनिलनं ते हसण्यावारी नेलं. "रेश्माताय, मासं काय आपल्या घरचं हायत? देव देतो, आपुन खातो." हात वर झाले ते तिचा स्वतःचा, ठमी म्हातारीचा आणि एका डुलक्या घेणाऱ्याचा. आता उरला होता सासऱ्याचा पाग.

"मामा, एक साल फक्त. तुमचा पाग नाय पडला तर कोनाची छाती हाय उतरायची?"

"माझ्या बापानं तापात फनफनत पाग टाकला गो. मी काय धडधाकट असून घरात बसू? मान हाय तो!"

म्हातारा उठला, ठेवणीतला फेटा बांधला आणि पाग खांद्यावर टाकून तरातरा निघाला. रेश्मा मनातल्या मनात चरफडत मागून गेली.

काठावर जत्रा भरली होती. सुनिलनं तर आसनगावचे पाव्हणे बोलावले होते. तीन दगडांवर टोप चढला होता, वाटलेल्या मसाल्याचा वास सुटला होता. कोंडू पाटील खडकावर उभा राहिला. त्यानं देवीच्या दिशेनं हात जोडले आणि कमरेत वाकून पाग असा फेकला, की पाव्हण्यांनी टाळ्या वाजवल्या. जाळं ओढलं तर आत शेवाळ. रेश्माला हायसं वाटलं.

दुसऱ्या खेपेला दोरीला हिसका बसला. जाळ्यात हातभर लांब मरळ तडफडत होती. गाव आरडला. पोरं अंगातले सदरे काढून तयार झाली. संपलं सगळं, असं रेश्माला वाटलं आणि तिचे डोळे भरून आले.

पाटलानं मरळ दोन्ही हातांत धरली, उलटी केली, निरखून पाहिली. मग मान हलवली.

"दोन जिवाची हाय."

"मंग?" सुनिल बोलला. "ह्या दिसांत मासळीच्या पोटात अंडी असतातच."

"असतात ना? दोन जिवाची देवीला चालत नाय." आणि त्यानं मरळ सोडून दिली. शेपटीचा एक फटका, आणि ती गेली.

"ह्यो नियम कधी झाला?" सुनिल ओरडला.

"आता पाटलानं सांगितला तवा."

"दुसरा टाका! नर धरा!"

"तू उतर, नर कंचा ते बोट करून दाखव, मी टाकतो."

लोक हसले, पाव्हणेही हसले. पण सुनिल धोतराचा काचा मारून पुढं सरसावला. तेवढ्यात ठमी म्हातारी आडवी आली. "सुनिल्या, माझी नात माधुरी आलीय बाळंतपनाला. तू उतरलास आन तिला काय झाला, तर तू भरून देशील?" झालं. बायकांनी टोपल्या उचलल्या, आणि बायका निघाल्यावर बाप्ये कुणासाठी थांबणार? मसाला वाया जाऊ नये म्हणून सुनिलला घरचे दोन कोंबडे कापावे लागले. पाव्हण्यांनी ते मिटक्या मारत खाल्ले.

तिन्हीसांजेला रेश्मा सासऱ्याजवळ येऊन बसली.

"मामा, मी जवळच उभी होते. त्या मरळीचा पोट चप्पट होता."

म्हाताऱ्यानं इकडंतिकडं पाहिलं. "हलू बोल गो."

"मंग सकाळी माझ्याशी भांडलात कशाला?"

"सकाळी तू पाग टाकू नको बोललीस. पाटलाला असा बोलतात? मासा सोडा बोलली असतीस, तर चहा तरी सुखानं पिलो असतो."

रेश्मा हसली, आणि हसता हसता तिला भरून आलं. म्हातारा मात्र उठून फडताळातला नारळ काढत होता. देवीच्या नावानं खोटं बोललो, आता तिची माफी मागायला हवी, असं त्यानं सांगितलं. दोघं निघाली. वाटेत ठमी दारात बसली होती.

"नारळ घेऊन कुठं निघालाव गो दोघं?"

"तुझ्या माधुरीसाठी," पाटील पटकन बोलला, "नवस बोलाय."

ठमीनं गहिवरून हात जोडले. कोपऱ्यावर वळल्यावर पाटलानं सुनेकडं पाहिलं, आणि रेश्मा मागं फिरली, घरातून आणखी एक नारळ आणायला.