मूळ अक्षरे

सन १९८५, जानेवारीची वीस तारीख, रविवार, सकाळचे साडेनऊ. स्थळ : मध्य प्रदेश राज्य, दुर्ग जिल्हा, भिलाईनगर, सेक्टर सहामधील शाळेचे मैदान. त्या दिवशी, त्या वेळी आणि त्या ठिकाणी हौशी मंडळींनी जुन्या शर्यती सायकलींचे प्रदर्शन मांडले होते, आणि कारखान्याच्या नकाशा विभागातले हेड ड्राफ्ट्समन बाबाराव गोतमारे आपल्या सायकलीपाशी मान ताठ ठेवून उभे होते. मान ताठ ठेवायला त्यांना त्या दिवशी कष्ट पडत होते, हे मात्र कुणाच्या लक्षात आले नाही.

सायकल खरे म्हणजे त्यांची नव्हे. ती रेल्वेतले गार्ड पुंडलिक यांची. नागपूरहून विलायतेला परतणाऱ्या एका रेल्वे अधिकाऱ्याकडून पुंडलिकांनी ती घेतली, वीस वर्षे शर्यतींत दामटली, आणि ते गेल्यावर ती दुर्गच्या मोहन नगरातल्या घरी पडवीत टेकून राहिली. मेंढ्याच्या शिंगांसारखे खाली वळलेले हँडल, गर्द निळा रंग, आणि तिरक्या दांडीवर सोनेरी छापाची आठ इंग्रजी अक्षरे : थॉर्नली. गार्डांच्या पत्नी कलावतीबाई यांनी ती दिवाळीनंतर बाबारावांच्या हवाली केली ती एकाच अटीवर. गंज काढा, चेन बदला, पण रंगाला आणि नावाला हात लावू नका. फार तर खोबरेल तेलाचे बोट फिरवा, आमचे हे तसेच करीत.

यावर बाबारावांनी त्यांना अर्धा तास समजावून सांगितले, की तेल धूळ धरते, भिलाईची लाल धूळ तर विशेष धरते, आणि त्या धुळीचे पुट रंगाला आतून खाते. कलावतीबाई ऐकत राहिल्या. वाद जिंकला की काम निम्मे झाले, असे बाबाराव मानत. आणि वाद ते बहुधा जिंकत.

त्यांच्या वादांतला सर्वांत प्रसिद्ध वाद मागच्या वर्षीचा. त्या प्रदर्शनात कुम्हारीच्या लहानूने आपली जुनी रेसर आणली होती, आणि ती रंगवली होती बळीरामने. बळीराम रेल्वेचा पेंटर. मालगाड्यांच्या वाघिणींवरचे आकडे, स्टेशनांच्या पाट्या, सारे त्याच्या हातचे. इंग्रजी त्याला वाचता येत नसे; लिहिता मात्र असे येई, की वाचणाऱ्याने पाहत राहावे. सायकल त्याने नव्या नवरीसारखी चमकवून आणली होती. बाबारावांनी तिच्याभोवती एक फेरी घातली आणि सर्वांसमक्ष निवाडा दिला : “डागडुजी वेगळी आणि रंगरंगोटी वेगळी. डागडुजी जे आहे ते जपते. रंगरंगोटी जे होते ते पुरून टाकते. ही रंगरंगोटी आहे. प्रेताच्या तोंडाला पावडर फासली आहे.” लोक खो खो हसले. साहेब बोलले म्हणून बळीरामही हसला. त्या दिवसापासून दुर्गपासून कुम्हारीपर्यंत त्याचे नाव पावडरवाला पडले.

असे हे बाबाराव डिसेंबरातल्या एका सकाळी क्वार्टरच्या मागच्या व्हरांड्यात थॉर्नली घेऊन बसले. तेल नको हे सिद्ध झालेच होते. तेव्हा फडक्याचे टोक थिनरमध्ये जेमतेम भिजवून त्यांनी नावावर हलकेच फिरवले. एकदाच, डावीकडून उजवीकडे. फडके पाहिले तर त्यावर सोनेरी चिकट डाग होता, आणि दांडीवर आठांपैकी पाच अक्षरे नव्हती. उरली होती ती शेवटची तीन, जणू लांबून मारलेल्या हाकेचे शेवटचेच टोक ऐकू यावे तशी.

चहा विचारायला आलेल्या पत्नीला, ताराला, बाबारावांनी दांडीवर टॉवेल टाकून परत पाठवले. बत्तीस वर्षांच्या संसारात तिच्यापासून काही झाकण्याची ही त्यांची पहिलीच वेळ, आणि झाकले ते टॉवेलाने, याचीच त्यांना अधिक लाज वाटली.

चार दिवस त्यांनी मनाशी वाद घातला. कलावतीबाईंना सांगावे, तर ज्या गोष्टीला हात लावू नका असे त्यांनी बजावले होते नेमका तिथेच हात लावला, हे सांगावे लागणार. स्वतः अक्षरे काढावीत, तर नकाशावरची रेघ वेगळी आणि नळीच्या गोलाईवरचे अक्षर वेगळे. त्या पंचक्रोशीत हे काम करील असा हात एकच होता. पाचव्या दिवशी सायकलीला जुनी चादर गुंडाळून बाबाराव मोहन नगरातच राहणाऱ्या बळीरामच्या अंगणात जाऊन उभे राहिले.

बळीरामने चादर सोडली, सायकल उन्हाकडे तिरकी धरली आणि एक डोळा मिटून दांडीवर नजर टाकली.

“गेलं नाई साहेब,” तो म्हणाला. “सावली हाय.”

खरोखरच होती. तीस वर्षे छापाखाली झाकलेला रंग उन्हाने विटला नव्हता. पुसलेल्या पाचही अक्षरांच्या जागी निळ्यात गडद निळे आकार शाबूत होते. ते बाबारावांना चार दिवसांत दिसले नव्हते, कारण चार दिवस त्यांनी टॉवेल काढलाच नव्हता.

दोन सकाळी काम चालले. बळीरामने सोनेरी पूड व्हार्निशमध्ये घोटली, खारीच्या केसांचा ब्रश ओठांनी टोकदार केला. बाबाराव मदतीला म्हणून स्टीलची पट्टी घेऊन पुढे सरसावले, तेव्हा तो एवढेच म्हणाला, की पट्टी ठेवा बाजूले, हे श्वासानं होते. आणि होतेच ते तसे. एकेक उभी रेघ तो श्वास रोखून वरून खाली आणी आणि मगच श्वास सोडी. शेवटी कोळशाच्या पुडीने नवे सोने किंचित मळवले. काम संपल्यावर बाबारावांनी भिंग लावून पाहिले. नवी पाच कोणती आणि जुनी तीन कोणती, हे त्यांना, ज्यांनी स्वतः ती पुसली त्यांना, सांगता येईना.

बळीरामने काही मागितले नाही. बाबाराव निघताना तो फक्त हात पुसत म्हणाला, “पर्चीवर माहं नाव लिवान ना, साहेब? लोकं मले पावडरवाला मनून राहिले. तेवढं मिटन.”

“पाहू,” बाबाराव म्हणाले.

‘नाही’ या शब्दाला सभ्य माणसांनी शिवलेला सदरा म्हणजे ‘पाहू’. बळीरामला तो सदरा ओळखता आला की नाही, कोण जाणे. त्याने मान डोलावली.

प्रदर्शनात सायकलीला अडकवायची माहितीची चिठ्ठी, म्हणजे पर्ची, बाबारावांनी स्वतःच्या सुरेख हाताने लिहिली. तीन मसुदे फाडले. शेवटी लिहिले : ‘थॉर्नली. मूळ रंग, मूळ अक्षरे. किरकोळ डागडुजी.’ शेवटच्या दोन शब्दांत बळीराम येतो, असा युक्तिवाद त्यांनी मनाशी केला. शब्दांचा अर्थ त्यांच्याइतका काटेकोरपणे कुणी पाहत नसे. म्हणून तो युक्तिवाद खोटा आहे हेही त्यांच्याइतके लख्ख कुणाला ठाऊक नव्हते.

आता वीस जानेवारीची ती सकाळ. परीक्षक भय्याजी, रेल्वेचे निवृत्त फोरमन, नजरेचे पक्के म्हणून ख्यात. ते थॉर्नलीपाशी आले, भिंग काढून दांडीवर वाकले आणि चांगली पाच मिनिटे वाकलेलेच राहिले. मग सरळ होऊन सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाले, की आठही अक्षरे एका हातची, एका दिवसाची. असा अस्सल छाप आपण नागपुरातही पाहिला नाही. पहिला क्रमांक थॉर्नलीचा. कलावतीबाई पांढऱ्या लुगड्यात बाजूला उभ्या होत्या. त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

गर्दीच्या कडेला बळीराम उभा होता. त्याच्या शेजारी कुम्हारीचा लहानू. मागच्या वर्षीची फजिती लहानूच्या सायकलीची होती. तिचे उट्टे काढायला त्याला बळीराम बरा सापडला.

“पाह्य रे पावडरवाल्या,” लहानू मोठ्याने म्हणाला, “याले मनतात अक्षर. तुह्या बापजन्मात जमन काय असं?”

लोक वळले. बळीरामने आधी बाबारावांकडे पाहिले. फार वेळ नव्हे. नळीवर एक उभी रेघ ओढायला लागतो तेवढाच वेळ. बाबारावांच्या तोंडात वाक्य तयार होते, कर्ता, कर्म, क्रियापद सगळे जागच्या जागी. त्यांनी चष्मा काढला आणि काचा पुसू लागले.

“नाई जमत,” बळीराम म्हणाला.

मैदान हसले. चष्मा पुसून होईपर्यंत बाबारावांनी वर पाहिले नाही, आणि तो पुसून व्हायला पुष्कळ वेळ लागला.

दुपारीच ते आपली रोजची सायकल काढून मोहन नगरात बळीरामकडे गेले. बळीराम अंगणात बाजेची सुतळी ताणत होता. वर्षानुवर्षे त्याला ‘तू’ म्हणणारे बाबाराव त्या दिवशी ‘तुम्ही’ म्हणाले, आणि बोलता बोलता त्यांची ती घडीव पुस्तकी भाषाही कुठे गळून पडली.

“माहं चुकलं, बळीराम. तुमचं नाव घ्याले पायजे होतं. जीभच उचलली नाई.”

बळीरामने सुतळीला गाठ मारली, ओढून पाहिली.

“मले कावून सांगता, साहेब?” तो शांतपणे म्हणाला. “मले तं मालूमच हाय. ज्याईले मालूम नाई, त्याईले सांगा.”

रागाचा लवलेश नव्हता. वादात आयुष्य घालवलेला माणूस आल्या वाटेने परतला.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर त्याच शाळेच्या व्हरांड्यात प्रशस्तिपत्रे द्यायची होती. बाबारावांनी चार रात्री खपून भाषण लिहिले. त्या दिवशी स्टेशनवर कमानी रंगवायला बळीरामची ड्यूटी लागली होती. ही गोष्ट बाबारावांना आदल्या दिवशीच कळली होती; आणि खरे सांगायचे तर, कळल्यावर त्यांचे मन किंचित हलके झाले होते. कार्यक्रम आठवडाभर पुढे ढकला, असे म्हणणे त्यांना अवघड नव्हते. ते त्यांनी म्हटले नाही.

मंडळी बसली. लहानू होता, भय्याजी होते, कलावतीबाई होत्या. बाबाराव उभे राहिले आणि सर्व सांगितले : थिनर, फडके, टॉवेल, सावली, ब्रश. काही लपवले नाही. पर्चीवरची ‘मूळ अक्षरे’ हे शब्द असत्य होते, असे म्हणाले. मागच्या वर्षीचा आपला शेरा उद्धटपणाचा होता, असे म्हणाले. थॉर्नलीवरची पाच अक्षरे बळीरामची आहेत आणि ती उरलेल्या तिनांहून उणी नाहीत, असेही म्हणाले. वाक्ये उत्तम बांधलेली होती. ती बोलताना त्यांचा आवाज दोनदा कापला, आणि तो कापणे खरे होते.

टाळ्या पडल्या. भय्याजींनी नोंदवहीतून थॉर्नलीचे नाव खोडले, पण खोडता खोडता म्हणाले, की बाबाराव, पहिला नंबर गेला तरी माणूस पहिल्या नंबरचा निघाला. असे चारचौघांत कबूल करायला वाघाचे काळीज लागते, असे लहानू शेजाऱ्याला सांगू लागला. कुणी पाठीवर थाप मारली. चहाचा पहिला कप बाबारावांच्या हाती आला. त्या स्तुतीने त्यांच्या कानशिलांना जो चटका बसला तसा मैदानातल्या हसण्यानेही बसला नव्हता. तरी कप त्यांनी घेतला.

कलावतीबाई उठल्या. भिंतीला टेकलेल्या थॉर्नलीपाशी गेल्या. त्या पाच अक्षरांवरून त्यांनी बोट फिरवले, आणि पुढच्या तीन अक्षरांवरूनही तसेच फिरवले. नवऱ्याच्या सायकलीवरचे नाव पुसले गेल्याबद्दल त्या काही बोलतील म्हणून बाबारावांनी मान खाली घातली. त्याबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत. हँडल धरून सायकल त्यांनी पायरीपर्यंत नेली, आणि तिथून वळून बाबारावांकडे पाहिले.

“बळीराम उभा होता तेवा तुमी बोलले नाई, भाऊ,” त्या म्हणाल्या. “आता बोलले ते कामाचं नाई.”