शाबूत राहिलेली नळी

पवनारच्या पुलावर बापूरावांची सत्त्याण्णव सालची मारुती महिन्यात तिसऱ्यांदा बंद पडली, तेव्हा पुण्याच्या मुलाने, अश्विनने, फोनवरच निकाल दिला. "बाबा, आता भंगारात द्या. रविवारी मी येतो तेव्हा दारात दिसली नाई पायजे."

शुक्रवारी गाडी दोर बांधून निकेशच्या गॅरेजात आणली. शेवटचं एकदा दाखवून घेऊ, एवढंच बापूराव म्हणाले आणि स्टुलावर बसले. मुलगी रोशनी बॉनेटपाशी उभी राहिली. ती सेवाग्रामच्या दवाखान्यात रक्ताचे नमुने तपासते. कारण कळल्याशिवाय तिला चैन पडत नाही.

इंजिन सुरू झालं, पण धापा टाकत. निकेशने पाइपाचा एक तुकडा कानाला लावला आणि दुसरं टोक इंजिनभर फिरवलं. कार्बोरेटरजवळ हात थांबला. "ऐका ताई. इथं सूं सूं करून राह्यलं."

रोशनीने कान लावला. आत कुणी दात आवळून श्वास ओढत होतं.

"पेट्रोल मापात जाते अन् हवा चोरवाटेनं घुसते. बंद नाई पडणार त काय?"

त्याने एकेक नळी सोडवली. पेट्रोलची नळी वाकवताच तिला भेगा पडल्या; ती वयाने गेली होती. हवेची जाड नळी मात्र चहात बुडवलेल्या पावासारखी फुगली होती. बारीक नळ्या बोटांना चिकटत होत्या. शेवटी इंजिनामागच्या सांदीतून एक निघाली, ती ताठ, कोरडी.

"ही नंतर टाकली का?" रोशनीने विचारलं.

"नाई, कंपनीचीच. छाप पाहा."

"मंग समोरच्या सडल्या अन् हे काऊन वाचली?"

निकेशने डोकं खाजवलं. "मागं त धग जास्त. हेच पहिले जायले पायजे होती."

रोशनीने फुगलेली नळी नाकाशी नेली. पेट्रोलच्या वासाखाली दुसरा वास होता, ओळखीचा. जवसाच्या तेलाचा. तिने मागे वळून पाहिलं. बापूराव जमिनीकडे पाहत होते.

"बाबा, याले तेल लावता काय?"

"दर पोळ्याच्या आदल्या दिवशी," बापूराव म्हणाले. "बैलांच्या चामडी पट्ट्यांले लावत होतो नं. बैल गेले, गाडी आली. चामडं तेलानं टिकते, म्हटलं रबरही टिकन."

"काका, पोळ्याले बैलाचे खांदे चोळतात तशी तुम्ही मारुतीची खांदशेकणी करत होते!" निकेश हसत सुटला. "चामड्याले तेल मानवते. हे रबर तेल पेते अन् फुगते."

"अन् मागची नळी?" रोशनीने विचारलं.

"तिथं माहा हात पुरत नव्हता," बापूराव हळूच म्हणाले.

निकेशने नव्या नळ्या मापाने कापल्या, क्लिपा आवळल्या. संध्याकाळी तिघं पवनारच्या पुलापाशी गेले. कडेला गाडी उभी करून निकेशने इंजिन चालूच ठेवलं. दहा मिनिटं झाली. आवाज एकसारखा.

तेवढ्यात अश्विनचा फोन आला. रोशनीने तो मोठ्या आवाजावर टाकला.

"काय म्हणते मेकॅनिक? गेली नं गाडी?"

रोशनी 'नळ्या जुन्या झाल्या होत्या' म्हणणार होती. वाक्य खोटं नव्हतं, आणि बापाची लाजही राखली गेली असती. बापूरावांनी फोन तिच्या हातून घेतला.

"गाडीचा दोष नोहता, अश्विन. मीच दरसाल पोळ्याले तेल चोपडून नळ्या सडवल्या. भंगारात टाकायचं असन त मले टाक."

पलीकडे अश्विनला हसू आवरेना. "पोळ्याचं तेल? मारुतीले?"

"हसून घे."

"बरं, रविवारी वर्धा स्टेशनवर घ्यायले येजा मले."

"कशानं येऊ?" बापूरावांनी विचारलं. "बैलगाडी त कवाच इकली."

"हे चालू आहे तेच घेऊन या," अश्विन म्हणाला. "आवाज येऊन राह्यला मले."