सरकवलेला ठिपका

अकरा वर्षं मी वनखात्याचे उंबरठे झिजवले. तीन मंत्री बदलले. तिघंही "बघतो" म्हणाले आणि एकानेही काही बघितलं नाही. मागणी एवढीच, की शहराबाहेरच्या पाणथळीत क्रौंच पक्षी जमिनीवर घरटी करतात, तेवढी जागा राज्याने राखीव करावी, म्हणजे तिथे भराव पडणार नाही. गेल्या महिन्यात एकदाचा राखीव जागेच्या आदेशाचा मसुदा निघाला. घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "म्हणजे आता रविवारी तू घरी असणार?" बिचाऱ्याला खरंच आनंद झाला होता.

त्या आनंदात सोबतचा नकाशा बघायचा राहूनच गेला. तो बघितला आज, हरकती घेण्याच्या शेवटच्या दिवशी, खात्याच्या बाकड्यावर बसून. राखीव जागेचा हिरवा गोल पाणथळीवर नव्हताच. तीन किलोमीटर पलीकडे, भंगार बसगाड्यांच्या आवारावर होता.

चूक खात्याची असती तर मी तिथल्या तिथे भांडले असते, भांडण मला चांगलं जमतं. पण चूक माझी होती. अंडी चोरून विकणारे लोक आम्हा पक्षी मोजणाऱ्यांचे अहवाल आमच्यापेक्षा मन लावून वाचतात, म्हणून घरट्यांची खरी जागा आम्ही कधीच छापत नाही. नकाशावरचा ठिपका तीन किलोमीटर सरकवायचा, हा आमचा पहिला नियम. खात्याला मात्र खरा नकाशा सीलबंद पाकिटातून द्यायचा होता. मी सवयीने सरकवलेलाच दिला, आणि खात्याने तो इमानेइतबारे उतरवून घेतला. अकरा वर्षांत इमान यांना नेमकं तेव्हाच सुचावं!

शेजारी मोजणीकाका बसले होते. निवृत्त पोस्टमन. तीस वर्षं दर हंगामात घरटी मोजतात, पण जागा सख्ख्या भावालाही सांगितलेली नाही. मी नकाशा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुसून परत लावला.

"अगं, म्हणजे आता त्या फाटक्या टायरना कोणी हात लावायचा नाही?"

मला हसू आलं, आणि हसता हसता रडूच कोसळलं. तशीच समोरच्या कारकुनाला सगळा घोळ सांगितला. त्याने ओशाळून हरकतीचा अर्ज पुढे केला.

"खरी जागा यात लिहा, बाई. पाचच्या आत. नंतर माझ्या हातात काही नाही."

"सीलबंद दिली तर?"

"ती वेळ गेली. हरकत म्हटली की बाहेरच्या फलकावर लागणार. तीस दिवस."

तीस दिवस! अंडी आत्ताच उबत होती. लिहिलं तर चोरांना पत्ता आयता मिळणार, नाही लिहिलं तर पुढच्या हंगामापर्यंत तिथे मुरूम पडलेला असणार. पेन उघडून मी नुसती बसून राहिले. कोणीतरी ते हातातून काढून घ्यावं आणि म्हणावं, जा बाई, झोप जा, इतकी मी दमले होते.

"काका, तुम्हीच सांगा."

काकांनी नकाशाची घडी घातली. मग म्हणाले, "भराव पडला की कायमचं संपलं. चोराला निदान हाकलता येतं. लिही."

खऱ्या जागेचे अक्षांश-रेखांश त्यांना तोंडपाठ होते. ते त्यांनी माझ्या कानात सांगितले. तासाभरात फलकावर लागणार होते, तरी कानातच.

शिक्का बसला. पायऱ्या उतरताना काकांनी कठडा घट्ट धरला होता.

"राखण करावी लागेल," ते म्हणाले. "सकाळी मी बसतो. दुपारी तू ये."

"माझे गुडघे गेलेत हो, काका."

"मग खुर्ची आण."

मी फाटकाशी थांबून नवऱ्याला फोन लावला. "अरे, गॅलरीतली घडीची खुर्ची जरा पुसून ठेवतोस? महिनाभर लागणार आहे. रविवारीसुद्धा."

मी मनातल्या मनात सगळी उत्तरं तयार ठेवली.

"एक पुसू की दोन?" त्याने विचारलं.