सक्कीरचं बोलणं

सक्कीरच्या फाटकाची कडी काढता काढता वर्कीच्या हातून तळलेल्या गोड अच्चप्पमचा डबा निसटला. त्याच्या बायकोने, एलिअम्माने, तो वरच्या वर झेलला.

"तुमच्या त्या ब्राझीलच्या गोलकीपरपेक्षा मी बरी," ती म्हणाली. "ज्याचं तोंडसुद्धा पाहिलं नाही त्याच्याकडे जेवायला आलोय. शेजारी ऐकतील तर हसतील."

"हसू दे. तू भेट तर खरी. एकदा सुरू झाला की थांबत नाही तो."

केरळातल्या पाला गावाहून कोंडोट्टीला येईपर्यंत बसमध्ये वर्कीचा दुसरा विषयच नव्हता. फुटबॉलवाल्यांच्या एका ऑनलाइन गटात त्याची सक्कीरशी गाठ पडली होती. हा ब्राझीलचा चाहता, तो अर्जेंटिनाचा, त्यामुळे मैत्रीची सुरुवात भांडणानेच झाली. पुढे गुडघ्याच्या ऑपरेशननंतर वर्की अंथरुणाला खिळला, तेव्हा सक्कीर त्याला सामन्यांची अशी वर्णनं लिहून पाठवी की हसून हसून टाके दुखत. फोन मात्र त्याने कधी घेतला नाही. 'आमच्याकडे आवाज नीट येत नाही, चेट्टा,' एवढंच लिही. चेट्टा म्हणजे दादा.

दारात तिशीतला एक उंच माणूस उभा होता. त्याने वर्कीचे दोन्ही हात धरले, तोंडभर हसला आणि गप्प राहिला.

"काय रे अर्जेंटिना, आज दातखीळ बसली काय?" वर्की म्हणाला.

"चे... चे..." सक्कीरच्या मानेची शीर ताठ झाली. "चे..."

"चेट्टा, आधी पाणी घ्या, म्हणतोय," मागून त्याचा थोरला भाऊ हम्सा म्हणाला. "या, या! चेची, तुम्हीपण या."

सक्कीरचे खांदे खाली आले. त्याला पाणी म्हणायचं नव्हतं, हे वर्कीला कळलं. आपण काय बोलून बसलो तेही कळलं. तो चप्पल काढू लागला. लागायला नको इतका वेळ लावत राहिला.

उम्माने, म्हणजे त्यांच्या आईने, पानं मांडली. तांदळाच्या पातळ पत्तिरी, कोंबडीचा रस्सा, वर बिर्याणी. हम्सा बोलत होता, हम्साची बायको आग्रह करत होती, सक्कीर मान हलवत होता. त्याने कशाकडे नुसतं पाहिलं तरी "मीठ हवंय त्याला", "पंखा वाढव म्हणतोय" असं कुणीतरी सांगून टाकी. वर्कीने हातातला घास पानातच ठेवला. शेवटी त्याने डाव्या हाताने खिशातून फोन काढला.

"उम्मा, एक वाचून दाखवू? ऐका. 'आमचा गोलकीपर लग्नातल्या त्या मामासारखा आहे. बिर्याणीच्या हंड्यापाशी राखण करायला बसवला, आणि हंडा रिकामा झाल्यावर विचारतो, कुणी आलं होतं का?'"

हम्साला ठसका लागला. "हे कुणी लिहिलंय?"

"ह्याने."

"आमच्या सक्कीरने?"

"अजून आहे. 'बचाव कसा करावा हे माझ्या उम्माकडून शिका. ती फणस सोलत बसली की मांजर, कावळा आणि माझा भाऊ, तिघांपैकी एकालाही गरा मिळत नाही.'"

उम्मा हातातला डाव सोडून खालीच बसली. हसता हसता डोक्यावरचा पदर घसरला तरी तिला भान नव्हतं. "बघा हो! घरात बसून माझंच हसं करतो!" एलिअम्माने तिचा हात धरला, आणि दोघींना पुन्हा हसू फुटलं. सक्कीर कानापर्यंत लाल झाला होता, पण पान सोडून उठला नाही.

"माझ्याबद्दल आणखी काय लिहिलंय?" हम्साने विचारलं. "वाचा ना, चेट्टा."

वर्कीने बोटाने निरोप मागे मागे सरकवले. एका ओळीशी बोट थांबलं. ती ओळ आली तेव्हा त्याला ती नुसती गंमत वाटली होती. त्याने फोन हळूच पालथा ठेवला.

"विशेष काही नाही."

सक्कीरने हात पुसला, पुढे वाकून फोन उचलला आणि ती ओळ शोधली.

"मा... माझा भाऊ," त्याने सुरुवात केली, "मा... माझी वा... वाक्यं पु... पुरी..."

हम्साने सवयीने तोंड उघडलं. पण पुढचा शब्द त्याला ठाऊक नव्हता.  उम्माने हसणं आवरलं. पानांतला रस्सा निवत होता, कुणी घास उचलला नाही.

"...पुरी करतो. ब... बहुतेक वेळा चु... चुकीची." सक्कीरने श्वास घेतला. "पण इत... इतक्या मायेने, की दु... दुरुस्त क... करवत नाही."

हम्साने नाक ओढलं. मग स्वतःच्या पानातली कोंबडीची तंगडी उचलून भावाच्या पानात ठेवली.

"पुढचं वाच," तो म्हणाला.