वास्तुशांतीचा पाहुणा

ज्ञानेश्वरने पुण्यातल्या नव्या फ्लॅटचं दार उघडलं आणि गावच्या बालमित्राला, हरेशला, कडकडून मिठी मारली. "आला रे माझा सापगावचा वाघ!" हरेश हसला. आतून मात्र तो धुमसत होता, आणि ते काही आजचं नव्हतं.

गेल्या वर्षी हरेशचा बाप गेला तेव्हा अख्खं सापगाव दारात उभं होतं. शहापूरहून दुकानं बंद करून माणसं आली. ज्ञानेश्वरची आई, चिमीकाकी, लेकाच्या घरून एकटीच एसटीने आली, मान खाली घालून. नव्हता तो ज्ञानेश्वर. ज्याला हरेशच्या बापाने पोटच्या पोरासारखं जेवू घातलं, तो मयताला नाही, दहाव्यालाही नाही. त्याच दिवशी मोबाइलवर त्याचा लोणावळ्यातला फोटो, गॉगल लावून. हरेशला जोडलेले हात पाठवले, की झालं याचं कर्तव्य! आमच्याकडे लग्नाला नाही आलात तर माणसं चार दिवस कुरकुरतात. मयताला नाही आलात तर पोराबाळांपर्यंत ऐकवतात.

म्हणून "शुक्रवारीच ये, दोन दिवस मजा करू, रविवारी वास्तुशांत आहे" असा फोन आला, तेव्हा हरेश बायकोला म्हणाला, "जातो. चारचौघांत सुनावून येतो त्याला." काय सुनावायचं, ते मात्र अजून ठरलं नव्हतं.

शनिवारी सकाळी ज्ञानेश्वर आणि त्याच्या मित्रांबरोबर मिसळ खाताना गावाहून चुलतभावाचा, जैतूचा, फोन आला.

"महिपतकाका गेले रे. तू निघ. आमी थांबतो तुझ्यासाठी."

महिपतकाका हरेशचे सख्खे चुलते, मूलबाळ नसलेले. हरेश हॉटेलबाहेर येऊन उभा राहिला. डोळे भरून आले, नाही असं नाही. पण डोळे पुसता पुसताच त्याच्या मनात आलं, भावकीतलं मयत, म्हणजे आपल्याला दहा दिवस सुतक. सुतकातल्या माणसाचा हात लागला की पूजा बाटली.

"थांबू नका," तो म्हणाला. "गाडी नाय मिळत. तुमी उरका."

आत येऊन त्याने आणखी एक पाव मागवला. दिवसभर मित्रांबरोबर मॉल फिरला, नदीकाठी कॉफी प्यायला, ज्ञानेश्वरच्या प्रत्येक विनोदावर मांडीवर थाप मारून हसला. इतका गोड तो सासुरवाडीतही कधी वागला नव्हता.

रविवारी तर त्याने कमालच केली. तोरण बांधलं, नारळ सोलले, कलश स्वतःच्या हाताने उचलून चौरंगावर ठेवला, प्रसादाचा शिरा ढवळला. "घरच्यासारखा राबतोय," ज्ञानेश्वरची बायको कुणाली सगळ्यांना सांगत होती. आरती झाली. सासरची माणसं, ऑफिसातली माणसं, हॉल गच्च भरला होता.

"ज्ञान्या, एक सांगायचं राहिलं," हरेश मोठ्याने म्हणाला. "मला सुतक हाय. महिपतकाका गेले काल."

भटजींचा हात थांबला. कुणालीने आरतीचं ताट खाली ठेवलं. तिची आई "अरे देवा!" म्हणत मटकन बसली.

"हऱ्या, तू मुद्दाम केलंस हे?" ज्ञानेश्वरचा चेहरा पांढरा पडला होता.

"मुद्दाम. माझ्या बापाच्या मयताला तू आला नाय. आता या घरात राहा, आन रोज आठव."

वर्षभराचा काटा निघाला होता. हरेशला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

गर्दीतून चिमीकाकी पुढे आली. पूजा बाटल्याचं तिला काही वाटलेलंच दिसत नव्हतं.

"महिपतभावजी गेले? तुला कवा कळलं?"

"काल सकाळी, काकी."

"सकाळी? मंग तू दिसभर हितंच व्हतास." ती त्याच्याकडे बघत राहिली. "तुझा बाप गेला तवा तुला धरून मसणात नेणारा तोच ना? मंग त्याला खांदा कोनी दिला रे?"

गाडी मिळाली नाही, असं हरेश म्हणणार होता. जैतूला म्हणताना जीभ अडखळली नव्हती. काल उन्हं उतरता उतरता काकांना उचललं असेल, तेव्हा आपण कॉफी पीत होतो.

चिमीकाकी लेकाकडे वळली.

"पानं वाढायला घे, ज्ञान्या. आन याला तुझ्या शेजारी बसव. तुमी दोघं एकाच पंगतीचे."