पायी आणलेली पोर

अँब्युलन्सच्या टाकीत सोडलेली नळी तोंडात धरून ड्रायव्हरकाकांनी जोरात ओढलं, डिझेलचा घोट थुंकला आणि नळी कॅनमध्ये सोडली. पंपांवर आठवडाभर ठणठणाट होता. दवाखान्यात वीज नव्हती, जनरेटरच्या डिझेलनं तळ गाठला होता आणि आत उबेच्या पेट्यांत अपुऱ्या दिवसांची तीन बाळं होती.

"काका, थोडं अँब्युलन्सला राहू द्या," सिस्टर म्हणाल्या.

"गाडीला उद्याही मिळेल. पोरांना आज हवंय."

अँब्युलन्स कोरडी ठाक झाली, आणि नेमका दुपारी निरोप आला. पुलापलीकडच्या वस्तीत एक बाई घरीच बाळंत झाली होती. मुलगी मुठीएवढी, अंग गार पडत चाललेलं.

काकांचा चेहरा उतरला. सगळा जन्म चाकांवर गेला, आणि आज गरजेला चाकच नाही.

"मी चालत जातो," ते म्हणाले.

"उघड्या छातीला धरून आणा. कपड्यावरून नाही हं!" सिस्टरांनी बजावलं.

वस्तीत आजी दारातच उभी होती. "गाडी कुठं लावली?"

"गाडी नाही, आजी. टाकी मीच रिकामी केली. तिथंही पोरंच होती."

आत सून तापानं कुडकुडत होती. मुलगा तिच्यासाठी हातगाडी आणायला धावला होता. आजीनंच काकांच्या शर्टाची बटणं सोडली, नात आत ठेवली आणि वरून शाल गुंडाळली.

"पोटच्या पोरीसारखी न्या."

एरवी सायरन वाजवून रस्ता मोकळा करणारा माणूस आता "जरा बाजूला, बाळ आहे" म्हणत गर्दीतून वाट काढत होता. मध्येच छातीशी काहीच हलेना. चालता चालताच काकांनी शालीत डोकावलं. मग चिमणीसारखी वळवळ झाली.

"मी थांबत नाही बघ," ते पुटपुटले, "तूही थांबू नको."

दवाखान्यात सिस्टरांनी पोर काढून घेतली, तपासली आणि पेटीत दुसऱ्या बाळाशेजारी निजवली. जनरेटर धडधडत होता.

"अंग छान गरम आहे, काका. पण बाकीचं आता सकाळीच कळेल."

काका बाकावर बसले. बटणं लावायला बोटं वळेनात. छातीवरची तळहाताएवढी जागा तेवढी गार लागत होती. त्यांनी त्या जागेवर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला.