काच वर कर

शिवांजलीने चौथ्यांदा वांग्याला इंजेक्शन टोचलं.

"बेचाळीस सेकंद," गाडीच्या बंद काचेबाहेरून लालासाहेब घड्याळ बघत ओरडले. "सकाळी एकेचाळीस हुतं. ढिलाई चालायची न्हाई."

"वांगं मेलं, आबा."

"वांग्याला काय हुतंय? परत."

दोन वर्षांपूर्वी मळ्यात एक मधमाशी चावली आणि कराडच्या दवाखान्यात पोचेपर्यंत शिवांजलीचा घसा मिटत आला होता. औषधाच्या कुप्या आणि सिरिंज कायम जवळ ठेवा, मांडीत बाहेरच्या बाजूला टोचा आणि तडक दवाखाना गाठा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. डॉक्टर एवढंच बोलले. बाकीचं तिचे वडील, निवृत्त सुभेदार लालासाहेब बोलले. अत्तर बंद. गजरा बंद. अंगणातली जास्वंद मुळासकट बंद. कॉलेजात शिकवायला जाता-येता गाडीच्या काचा बंद. सव्वीस वर्षांची प्राध्यापिका मलकापूरहून निघायची ती बरणीतल्या लोणच्यासारखी.

कोयनेच्या पाण्याकाठी कॉलेजातल्या चार मैत्रिणींबरोबर एक रात्र तंबूत, एवढंच तिने मागितलं होतं. सात महिने मागितलं. परवानगी मिळाली ती आबांसकट. मैत्रिणी पाचला येणार होत्या. आबांनी तिला दीडलाच आणलं. आधी रेकी. जागेवर धोका दिसला तर तसंच माघारी, आणि हा विषय पुन्हा घरात काढायचा नाही, असं ठरलं होतं. तोवर तिने गाडीतच बसायचं. किल्ली आबांच्या खिशात.

लालासाहेबांनी काठीने एकेक झुडूप तपासलं. प्रत्येक झाडाखाली उभं राहून वर बघितलं. अर्ध्या तासाने समाधानाने परत आले.

"एरिया क्लि..."

पुढचं अक्षर तोंडातच राहिलं. ते बॉनेटकडे बघत होते.

काल दसरा झाला होता. शिवांजलीच्या आईने, विजयमालाबाईंनी, रीतसर गाडी पुजली होती, स्पॅनर पुजले, कोयता पुजला, आणि कामाचीच वस्तू म्हणून इंजेक्शनचा डबाही पाटावर ठेवून त्याला कुंकू लावलं होतं. सकाळी निघताना फाटकातून त्यांनी बजावलंही होतं, "आवं, हार काढू नगा. आपोआप वाळू दे." दोन वर्षं ज्या घराने अंगणात फूल ठेवलं नव्हतं, त्या घराने दोन किलो झेंडू तारेने गाडीला बांधून इथवर आणला होता. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. दसऱ्याचा झेंडू फुलांत कुणी धरत नाही.

हारावर मधमाश्या बसल्या होत्या. तीस-चाळीस तरी. दोन काचेवर चढून शिवांजलीच्या नाकासमोर फिरत होत्या.

"हालू नगंस," आबा म्हणाले.

"मी आतच हाय, आबा. तुमीच हालू नका."

पण ते हालले. टॉवेल हाताला गुंडाळून त्यांनी हार ओढला. तार पक्की होती, विजयमालाबाईंचं काम. आबांनी टॉवेल झटकला, आणि मग मानेवर चापट मारली.

"चावली?"

"न्हाई." मान चोळत म्हणाले, "एक."

आबांना याआधी कधी माशी चावली होती का, हे कुणी विचारलंच नव्हतं. बंद गोष्टींची यादी तिच्या नावाची होती.

"चल, घरी," ते म्हणाले, पण आवाज त्यांचा वाटला नाही. किल्लीसाठी खिशाकडे गेलेला हात खिशात शिरेना. गळ्यावर लाल चट्टे उठले, ओठ जाड झाले. ते चाकाला टेकून खाली बसले आणि खालूनच त्यांनी पंजा वर केला. ट्रॅफिक हवालदार करतो तसा. दार उघडायचं नाही.

कुंकू लावलेला डबा शिवांजलीच्या मांडीवर होता. काचेवर आता तीन माश्या होत्या.

तिने दार उघडलं.

वांगं हलत नसे. आबांची मांडी थरथरत होती. कुपीची मान मोडताना तिच्या बोटात काच घुसली. तिच्या बाहीवरून एक माशी वर चालत गेली, कोपरापाशी थांबली, उडाली. शिवांजली सुईकडे बघत होती. पँटवरूनच टोचलं. मग खिशातून किल्ली काढली, त्यांच्या काखेत हात घालून त्यांना सीटवर आणलं, सीट मागे कलती केली आणि गाडी कराडच्या रस्त्याला घातली. डब्यात दुसरी कुपी शिल्लक होती. तो तिने हाताशी ठेवला.

पाटणच्या जवळ आल्यावर आबांच्या छातीतली शिट्टी कमी झाली. त्यांनी डोळे उघडले.

"किती... सेकंद?"

"मोजले न्हाईत."

हे त्यांना पटलं नाही. पण बोलायला दम नव्हता. बॉनेटवर अर्धा हार तसाच लटकत होता आणि त्याच्या पाकळ्या सुटून मागे उडत होत्या. आबांचं लक्ष तिच्या बाजूच्या उघड्या खिडकीकडे गेलं. त्यांनी मोठ्या कष्टाने एक बोट उचललं.

"काच... वर कर."

शिवांजलीला ऐकू आलं. तिने गिअर बदलला आणि कोपर खिडकीबाहेर काढलं.